ती चिडकी नाही, बुजरी आहे

‘ताई, मी बावीस वर्षांचा आहे, कर्वेनगरला राहतो. घरात आई-बाबा, आजी, दादा-वहिनी, त्यांचा सात वर्षांचा मुलगा आणि एक देशी कुत्रा. तीन वर्षांपासून माझ्याकडे चिलियन रोझ टॅरेंटुला, म्हणजे एक मोठा केसाळ कोळी आहे, शांत आहे, हातावर घेतो. मे महिन्यात एक मित्र नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि जाताना त्याची ओबीटी (ऑरेंज बबून टॅरेंटुला) मादी माझ्याकडे देऊन गेला. पहिले काही दिवस ती ठीक होती. आता झाकण उघडलं की पुढचे पाय वर करून उभी राहते, चिमट्यावर झडप घालते. जागा नाही म्हणून डबा ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर ठेवलाय. डबा तिला लहान पडतोय, पण बदलायची हिंमत होत नाही. मित्र म्हणतो, रोज पाच मिनिटं हातात घे, महिन्याभरात माणसाळेल. ग्लव्ह्ज घालून घेऊ का? पुतण्याला मी गणपतीपर्यंत तुझ्या हातावर देतो म्हणून कबूल करून बसलोय. – श., कर्वेनगर’

प्रिय श.,

ओबीटीला हातात घेऊ नकोस. ग्लव्ह्ज घालूनही नको. पातळ ग्लव्ह्जमधून तिचे सुळे आरपार जातात आणि जाड ग्लव्ह्ज घातले की आपण किती जोरात धरलंय हेच बोटांना कळत नाही. पुतण्याच्या हातावर तर मुळीच नको. त्याला दिलेल्या शब्दाचं काय करायचं ते शेवटी सांगते, त्यावर एक चांगला उपाय आहे.

आधी ‘माणसाळेल’ या शब्दाबद्दल बोलू. कुत्रं माणसाळतं, म्हैस माणसाळते, पोपट माणसाळतो. ही सगळी आईच्या उबेत वाढणारी किंवा कळपा-थव्यात राहणारी जनावरं आहेत. दुसऱ्या जिवाच्या जवळ सुरक्षित वाटणं त्यांच्या रक्तात असतं, आपण त्या जागी स्वतःला बसवतो इतकंच. टॅरेंटुला लहानपणीच भावंडांपासून पांगते आणि पुढे जन्मभर एकटी राहते. विणीच्या दिवसांत बिळाच्या तोंडाशी येणारा नर सोडला तर जवळ येणारी कुठलीही हालचाल तिच्या लेखी एकतर भक्ष्य असते, नाहीतर शत्रू. तिसरा कप्पा तिच्याकडे नाही. तुझी रोझ हातावर शांत बसते तेव्हा ती तुला ओळखत नसते. तुझा तळवा म्हणजे तिच्यासाठी जमिनीचा एक कोमट, उंचसखल तुकडा. हे वाचून वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. पण हे एकदा मनापासून मान्य केलंस की तिची काळजी घेणं फार सोपं होतं.

आता ओबीटीकडे वळू. तिचं शास्त्रीय नाव टेरिनोकायलस मुरिनस. मूळची आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या कोरड्या माळांवरची. दगडाखाली, झुडपांच्या मुळांशी बीळ करते आणि ते जाळ्याने भरून टाकते. रोझ चिलीची, म्हणजे अमेरिका खंडांतली. अमेरिकेतल्या बहुतेक टॅरेंटुलांच्या पोटावर खाजकुयलीसारखे बारीक केस असतात. धोका वाटला की मागच्या पायांनी ते उडवायचे आणि शत्रू डोळे चोळत बसला की सटकायचं. आफ्रिका आणि आशियातल्या टॅरेंटुलांकडे ही सोय नाही. त्यांच्याकडे वेग आहे आणि सुळे आहेत. म्हणून त्या लवकर पवित्रा घेतात, आणि त्यांचं विषही जास्त त्रासदायक असतं.

तो पवित्रा नीट समजून घे, कारण त्यातच तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. पुढचे पाय वर, सुळे उघडे, अंग मागे रेललेलं. पाहणाऱ्याला वाटतं, ही आता अंगावर येणार. खरं तर चावणं तिला टाळायचं असतं. विष तयार करायला वेळ लागतो, ते शिकारीसाठी जपायचं असतं, आणि मोठ्या जनावराशी भिडलं तर मरण तिचंच. म्हणून ती आधी बिळात शिरते. बीळ नसेल तर उभी राहून ‘मी मोठी आहे’ असं दाखवते. काही जाती अंगावरचे काटे एकमेकांवर घासून फिस्स असा आवाज काढतात. आसामातल्या एका जातीला १८७७ साली नाव देताना या आवाजावरूनच ‘स्ट्रिड्युलान्स’ म्हटलं गेलं. तरीही समोरचा मागे हटला नाही तर पाय आपटते, आणि अगदी शेवटी चावते. तुझ्या पत्रात बिळाचा उल्लेखच नाही. लहान डबा, त्यात लपायला काही नाही, म्हणजे तिच्या जिन्याची पहिली पायरीच काढून घेतल्यासारखं झालं. झाकण उघडल्याक्षणी ती थेट दुसऱ्या पायरीवर उभी असते. आपल्याकडे नव्या दावणीला बांधलेल्या गाईला बुजलेली म्हणतात, चिडकी म्हणत नाहीत. तुझ्या ओबीटीलाही तोच शब्द लावायला हवा.

आणि तो डबा कुठे ठेवलाय, तर वॉशिंग मशीनवर! श., हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. टॅरेंटुलाला आठ डोळे असले तरी उजेड, सावली आणि हालचाल यापलीकडे फारसं काही दिसत नाही. तिचं सगळं जग पायांतून आत येतं. पायांवरच्या नाजूक केसांना हवेची झुळूक कळते आणि पायांच्या कवचातल्या बारीक चिरांना जमिनीचा कंप कळतो. किड्याच्या पावलांचा थरथराट ओळखून शिकार करणारं हे जनावर आहे. त्या जनावराच्या पायाखाली रोज तुझ्या घरातले कपडे पिळले जातात. त्यात तुमच्या भागात नदीपात्राच्या बाजूला ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला असेल. तो ढोल आपल्याला छातीत जाणवतो, तर तिला काय होत असेल! पहिले काही दिवस ती ठीक होती असं तू लिहिलंस. ती ठीक नव्हती, नव्या जागी दबून होती. मग ती दबून राहणंही तिला परवडेना.

म्हणून हातात घ्यायचा विचार करण्याआधी आज संध्याकाळीच डबा तिथून हलव. आतल्या खोलीत, भिंतीला टेकलेल्या जड कपाटात खालच्या कप्प्यात ठेव. फ्रिजशेजारी नको, टीव्हीच्या स्पीकरशेजारी नको, खिडकीतल्या उन्हात नको. डास मारायचं लिक्विडचं यंत्र ज्या खोलीत लावता त्या खोलीत तर नकोच. डासांसाठीचं औषध कोळ्यालाही सोडत नाही. सोसायटीत पेस्ट कंट्रोल किंवा धुराची फवारणी असेल तर दोन्ही डबे चार-पाच दिवस एखाद्या मित्राकडे नेऊन ठेव, आणि सेक्रेटरींना आधी कळवायला सांगून ठेव. हातात न घेता आनंदाने वर्षानुवर्षं जगलेल्या टॅरेंटुला मी पाहिल्या आहेत. फवारणीनंतर जगलेली पाहिलेली नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती न सांगता तुला ‘हात लावू नकोस’ म्हणायचा मला हक्क नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडेही रोझ होती. सहा वर्षं जुनी, अगदी गरीब. एका रविवारी पाहुणे आले होते आणि मी तिला दाखवायला बाहेर काढलं. हॉलच्या मधोमध उभी होते. ती तळव्यावरून मनगटावर आली, सगळे श्वास रोखून बघत होते, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती सरसर कोपरापर्यंत आली आणि माझा हात आपोआप झटकला गेला. फरशीवर पडल्याचा आवाज फार बारीक होता. पोटाला खालून चीर गेली होती आणि फिकट निळसर पाणी फरशीवर पसरत होतं.

टॅरेंटुलाला आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नसतात. अंगभर खेळणारा तो द्राव, त्याच्याच दाबाने ती पाय लांब करते. पाय आत ओढायला स्नायू आहेत, बाहेर पसरायला हा दाब. पोट फुटलं की दाब जातो आणि पाय एकेक करून पोटाखाली वळतात. छातीच्या उंचीवरून पडणं तिच्यासाठी इमारतीवरून पडण्यासारखं असतं. पहाटेपर्यंत ती गेली. कोणी चूक केली, तर मी. तिने काहीच केलं नव्हतं, पळायच्या जातीचं जनावर पळालं होतं.

तेव्हापासून मी कुठलीच टॅरेंटुला हौसेने हातात घेत नाही. तुला रोझच्या बाबतीत अगदी ‘नाही’ म्हणत नाही. कधी घ्यावीच लागली तर जमिनीवर मांडी घालून, खाली गादी पसरून, हात वीतभर उंचीवर ठेवून, तिला आपणहून चढू दे. वरून पकडू नकोस, तिच्यावर फुंकर घालू नकोस, चेहरा जवळ नेऊ नकोस आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नकोस. इंग्लंडमधल्या लीड्सला एक तरुण आपल्या रोझची काचपेटी साफ करत असताना तिचे केस त्याच्या डोळ्यात गेले. तीन आठवडे डोळा लाल, आणि डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं तेव्हा बुबुळावर बारीक केस रुतलेले दिसले. २०१० च्या सुरुवातीला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही हकिकत छापून आली. त्याने तिला हातात घेतलंही नव्हतं, फक्त तो चेहरा जवळ नेऊन काच पुसत होता.

ओबीटी चावली तर काय? टॅरेंटुलाच्या चाव्याने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही, पण आफ्रिकी आणि आशियाई जातींचा चावा म्हणजे तीव्र वेदना, सूज आणि काहींना तासांनंतर सुरू होणारे स्नायूंचे पेटके. आपल्या भारतातल्या झाडांवर राहणाऱ्या पोसिलोथेरिया टॅरेंटुलांच्या चाव्यांत हे पेटके विशेष नोंदले गेलेत. चावलीच तर जखम साबण-पाण्याने धू, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेव, अंगठी आणि घड्याळ लगेच काढ. आवळून बांधू नकोस, कापू नकोस. सापावरचं प्रतिविष याला चालत नाही, त्यामुळे डॉक्टरांना ‘कोळी चावला’ एवढंच न सांगता जातीचं नाव लिहूनच दे. पेटके आले, छातीत दुखलं किंवा श्वास जड झाला तर घरी बसू नकोस, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा.

मला तुझ्यापेक्षा तुझ्या कुत्र्याची काळजी जास्त वाटते. ऑस्ट्रेलियात टॅरेंटुलांच्या चाव्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नऊ माणसं होती आणि सात कुत्री. माणसं सगळी बरी झाली. सातही कुत्री मेली, आणि तीही पटकन. त्या जाती वेगळ्या आहेत हे खरं, पण ओबीटी त्यांच्याच बाजूची, जुन्या जगातली, म्हणजे अमेरिकेबाहेरची आहे. तेव्हा झाकणाला दोन्ही बाजूंनी क्लिप हवी, आणि तो डबा उघडा असताना कुत्रा त्या खोलीत असता कामा नये.

आता घर बदलायचं काम. ज्याची तुला भीती वाटते ते हे, आणि शिकायचं असेल तर हेच शीक. हातात घेण्याला धाडस लागतं, याला कौशल्य लागतं. पुण्यात नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले होते, ती गोष्ट तू ऐकली असशील. लोक त्यातली छाती आठवतात. त्यांना दाखवायचं होतं ते असं, की डिवचलं नाही तर साप चावत नाही. न डिवचता काम कसं करायचं, तेवढंच तुला हवंय.

नवा डबा आधी पूर्ण तयार कर. पारदर्शक, तिच्या पसरलेल्या पायांच्या तिप्पट लांब, बाजूंना हवेची भोकं. तळाला पाच-सहा इंच कोकोपीट, नर्सरीतून खत न मिसळलेलं बघून आण, भिजवून मग वाळवून घे. ओबीटीला कोरडं आवडतं. एका कोपऱ्यात झाडाच्या सालीचा जाड तुकडा तिरका रोवून त्याखाली बोटभर खड्डा करून दे, बाकीचं ती करेल. पाण्याला बाटलीचं झाकण पुरे. कोकोपीटपासून झाकणापर्यंतची उंची कमीच ठेव, चढून पडली तर लागायला नको.

दिवसा कर, भरपूर उजेडात. पंखा बंद. घरातल्यांना सांगून दार लाव आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंब. बाथरूममध्ये करणार असशील तर मोरीची जाळी आधी बंद कर. अंगाला ओडोमॉस किंवा अत्तर नको. धुणं भिजवायचा सर्वात मोठा, उंच कडांचा टप घे आणि जुना-नवा दोन्ही डबे त्यात ठेव. तू फरशीवर बस. हाताशी फूटभर लांबीचा चिमटा, लांब दांड्याचा, रंगवायचा मऊ ब्रश, एक रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी आणि पुठ्ठा. झाकणाला हात लावण्यापूर्वी ती कुठे आहे ते बाहेरून बघ. दिसत नसेल तर त्या दिवशी उघडूच नकोस.

सर्वात सोपी रीत म्हणजे तिला हलवायचंच नाही. जुन्या डब्यात तिने जाळं केलं असेल तर कात्रीने कडा सोडवून ते जाळं तिच्यासकट, मातीसकट उचलून नव्या डब्यात ठेवता येतं. स्वतःच्या घरात बसूनच ती दुसरीकडे जाते, तिला पुष्कळदा पत्ताही लागत नाही. जाळं नसेल तर बरणी आडवी तिच्या तोंडासमोर धर आणि ब्रशने मागच्या पायांना अगदी हलका स्पर्श कर. ब्रश कधीही समोरून नको, समोरून आलं की तिला शत्रूच वाटणार. ती बरणीत शिरली की पुठ्ठा सरकव आणि नव्या डब्यात बरणी सालीच्या तोंडाशी आडवी ठेवून झाकण लाव. ती तासाने बाहेर येईल, नाहीतर रात्री. बरणी दुसऱ्या दिवशी काढ.

उभी राहिलीच तर हात तिथेच थांबव. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती खाली बसल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही. चिमट्यावरून वर पळाली, आणि ओबीटी हे करतात, तर चिमटा झटकू नकोस, टपात सोडून दे. टपाबाहेर गेली तर पाठलाग नको. ती अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन थांबेल, तिथे वरून बरणी पालथी घाल. माझा हात पहिल्यांदा हे करताना इतका कापत होता की ब्रश टपाच्या कडेवर टकटक वाजत होता. त्या दिवशी मी झाकण लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. तूही तसंच कर.

नव्या घरात पहिला आठवडा काही देऊ नकोस, बघायलाही उघडू नकोस. पुढे सात-दहा दिवसांनी एक रातकिडा पुरतो, उरलेला दुसऱ्या दिवशी काढून टाक. अन्न सोडलं तर कात टाकायची वेळ आली असेल. तेव्हा ती पाठीवर उताणी पडते. मेली समजून तिला सरळ करायला जाऊ नकोस, कितीतरी टॅरेंटुला अशाच मारल्या गेल्यात. पाय पोटाखाली वळलेले दिसले तर ती मात्र खरी धोक्याची खूण, तेव्हा आधी पाणी तपास.

एक शेवटची विनंती. पावसाळ्यात ट्रेकवरून कोणी ताम्हिणीतून किंवा भीमाशंकरकडून ‘आपला देशी टॅरेंटुला’ पकडून आणला म्हणून देऊ केला, तर घेऊ नकोस. आपल्या काही जाती अगदी छोट्याशा पट्ट्यात राहतात आणि मोठ्या व्हायला वर्षं घेतात. आंध्रातली निळी पोसिलोथेरिया मेटॅलिका नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि २०१९ पासून सगळी पोसिलोथेरिया प्रजातीच वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या सायटिस कराराच्या यादीत आहे. मेक्सिकन रेड नीसारख्या या यादीतल्या परदेशी जाती बाळगणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते, तेव्हा पुढे कधी दुसरी घ्यायची झाली तर वनविभागात आधी विचार.

आता पुतण्याचं. ओबीटीने कात टाकली की ती दोन-तीन दिवसांनी लांब चिमट्याने उचलून घे. रोझची नको, तिच्या कातीवरही खाजरे केस राहतात. ओबीटीला ते नसतातच. कोमट पाण्यात कात तासभर ठेव, मऊ झाली की थर्माकोलवर पसरून आठही पाय टाचण्यांनी जागेवर बसव आणि दोन दिवस सावलीत वाळू दे. सुळे टोकदार राहतात, ते तेवढे त्याच्या बोटांपासून जप. बाकी सगळं आहे तिथे: पायांवरचे केस, डोळ्यांच्या जागेच्या आठ पारदर्शक खिडक्या, सगळं. भिंगही दे त्याच्या हातात. गणपतीपर्यंत तिने कात टाकली नाही तर त्याला खरं कारण सांग, सात वर्षांच्या मुलाला ते समजतं. आणि टाकली तर त्याच्याकडून त्या थर्माकोलवर तारीख लिहून घे, पुढच्या कातीशी मापून बघायला लागेल.